कुराता घराण्याचं रडणं

फुकुशिमा
३ सप्टेंबर १९५६

शिगेनो आत्या,

पत्राची सुरुवात ऋतूबद्दल दोन ओळी लिहून करावी, एवढी रीत मला माहीत आहे. पण नऊ वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि त्यात उन्हाच्या गोष्टी करायच्या, हे मला जमणार नाही.

मी चिसे. तुझ्या थोरल्या भावाची, गेन्जिरोची मुलगी. तू निघून गेलीस तेव्हा मी सात वर्षांची होते, आता सोळा पूर्ण होतील. तुझा पत्ता ओमात्सु आजींनी दिला. जत्रांमधून साखरेचे पक्षी करून विकतात, त्या. शिओगामाच्या मासळीबाजारात त्यांनी तुला पाहिलं. तू ओळख दाखवली नाहीस म्हणे. "पण चाल कुरातांचीच," असं त्या म्हणाल्या. तू कालवं फोडायच्या शेडवर काम करतेस असं कळलं, म्हणून पत्र तिथेच पाठवते आहे.

आम्ही मजेत आहोत. धंदा तोच, फक्त माणसांच्या जागा बदलल्या. बाबा अजून पुलाजवळ किंवा स्टेशनबाहेर पेटी मांडून बसतात. पेटीत काजळी आणि चिखल फासलेली फाउंटन पेनं. बाबा मान खाली घालून रडतात. कुणी विचारलं की हुंदके देत सांगतात, कारखाना जळला, मालकानं पगाराऐवजी ही पेनं दिली, घरी कोणत्या तोंडानं जाऊ. मग तोमेकिची काका हॅट घालून येतात, एक पेन पुसतात, कागदावर ओढून बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, "अरे, हे तर दुकानातलं भारी पेन! एवढ्या स्वस्तात?" आणि शेवटी मी. पूर्वी तू जिथे उभी राहायचीस तिथे. शाळेचा गणवेश घालून येते, धाकट्या भावाच्या परीक्षेसाठी म्हणून साठवलेल्या पैशांतून एक पेन घेते आणि डोळ्यांत पाणी आणून बाबांना वाकून नमस्कार करते. माझ्यानंतर गर्दी थांबत नाही. वरच्या शाळेत मी एक दिवसही गेले नाही, पण गणवेश माझ्याइतका नीट कुणी इस्त्री करत नसेल.

रडून आल्यावर बाबांना फार भूक लागते. मग ते स्वतः नूडल्स शिजवतात आणि काकांची टिंगल करतात. "तुझी हॅट बघून गिऱ्हाईक पळतंय रे! प्रोफेसर दिसायचंय, दंतवैद्य नाही." काका म्हणतात, "आणि दादा, तू आज मालकाचं नाव दोनदा वेगळं सांगितलंस." आम्ही पोट दुखेपर्यंत हसतो. हे घर मला आवडतं, आत्या. म्हणूनच लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात एक मुलगी माझ्या मागे पळत आली. खरी शाळकरी. माझ्यानंतर तिनं पेन घेतलं होतं. तिची बोटं निळी झाली होती, पेन गळत होतं. मला वाटलं आता ओरडणार. ती म्हणाली, "तुझं तरी नीट चालतंय ना? तुझ्या भावाची परीक्षा आहे ना?" मी म्हटलं, माझंही गळतंय. ती म्हणाली, "जाऊ दे. त्या बिचाऱ्याला मदत तर झाली."

त्या दिवशी मला नूडल्स गेले नाहीत.

तोमेकिची काका तुला फितूर म्हणतात. बाबा विषय निघाला की उठून जातात. तुला निघताना काय वाटलं होतं? मला खरं सांग. या घरात तेवढंच कुणी सांगत नाही.

तुझी भाची
कुराता चिसे


मात्सुशिमाची खाडी
१४ सप्टेंबर

माझ्या पोरी,

तुझं पत्र मी शेडच्या मागे उभं राहून तीनदा वाचलं. तू मला आठवतेस ती समोरचे दोन दात पडलेली. आता एवढं सरळ लिहितेस!

फितूर! तोमेकिचीला विचार, कुणाशी? पुलाजवळ थांबणाऱ्या त्या माणसांनी काय केलेलं असतं? त्यांनी एका रडणाऱ्या माणसासाठी पाऊल थांबवलेलं असतं. युद्धानं या देशातली घरं जाळली, भांडी वितळवली, पोरं नेली. तरी एक गोष्ट उरली होती. अनोळखी माणूस रडताना दिसला तर लोक थांबत होते. कुरातांनी नेमकी तीच विकायला काढली. पेनं नाही विकत आपण, चिसे. लोकांची दया उचलतो आणि तिच्या जागी गळकी नळी ठेवून येतो. फितुरी झालीच असेल तर ती तिथे झाली, रोज, आणि बावीस वर्षांची होईपर्यंत मी तिच्यात होते. निघून गेले तो दिवस मी फितुरी थांबवल्याचा.

आता मी इथल्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. हसू नकोस. गेल्या वसंतात व्यापाऱ्यांनी वजनात मारलं तेव्हा मी चाळीस बायकांना घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि बोलले. शेवटी काटा बदलून घेतला. आवाज कुठे टाकायचा आणि कुठे थांबायचं, हे मी कुठे शिकले ते तुला ठाऊक आहे. पण तो आवाज आता खऱ्यासाठी लागतो. ही चैन एकदा अनुभवून बघ!

तू इकडे ये. ऑक्टोबरपासून कालवं फोडायचं काम सुरू होतं, मार्चपर्यंत चालतं. हाताला काम, पोटाला कालवांचा भात आणि झोपताना डोक्यात काही लपवलेलं नाही. माझा नवरा यासाकु भला माणूस आहे, दिवसाला दहा शब्द बोलतो.

एकच कर. पाकिटावर कुराता लिहू नकोस, ओनोदेरा चिसे लिही. मी घरी तू माझ्या जुन्या मैत्रिणीची मुलगी आहेस असं सांगितलंय. इथला पोस्टमन चौकस आहे, उगाच चर्चा नको. पत्ता घरचाच टाक.

तुझी वाट पाहणारी
आत्या


सुगिहारा
२ ऑक्टोबर

आत्या,

आडनाव बदललं आहे. खोटं नाव लिहायला मला काही वाटत नाही, आतापर्यंत बारा झाली असतील. तुला ते चालतं याचं मात्र नवल वाटलं.

आता इथे घडलं ते ऐक.

सुगिहारा हे नदीकाठचं छोटं गाव. गेल्या वर्षी आम्ही इथे दोन दिवस बसलो होतो आणि पेटी रिकामी करून गेलो होतो. एका गावात तीन वर्षं परत जायचं नाही, हा आजोबांचा नियम. पण इथून पुढची गाडी चुकली, म्हणून बाबा म्हणाले, "पेटी उघडायची नाही, फक्त चहा प्यायचा."

देवळाच्या पायऱ्यांशी एक माणूस बसला होता. पुढ्यात पेटी. पेटीत काजळीनं माखलेली पेनं. आणि तो रडत होता.

बाबा जागच्या जागी थांबले. नाटकवाले दुसऱ्याचं नाटक बघायला जातात ना, तसा चेहरा झाला त्यांचा. "बघ तोमे, काय रडतोय! खांदे बघ, खांदे. हे शिकवून येत नाही." काका म्हणाले, "काजळी चुकलीय पण. टोपणाच्या आतपर्यंत कोण फासतं?" "नवा असेल," बाबा म्हणाले. "आणि नाक पुसत नाहीये. लोकांना किळस येते. पण गळा, तोमे, गळा सोन्याचा आहे!"

लोक मात्र थांबत नव्हते. एक दुकानदार दारातून ओरडला, "काय रे, परत जळला कारखाना? गेल्या वर्षी जळला तो कुठला होता?" बायका तोंडावर बाही धरून हसल्या. एका पोराने रडायची नक्कल केली.

धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या जागेवर भेटला तर वाकून आपलं गाव, गुरू आणि नाव सांगायचं, तुला माहीत आहे. बाबा पुढे गेले. कमरेत वाकले, उजवा तळवा पुढे धरला, आणि सुरू झाले, "आपल्या जागेवर पाय ठेवला, माफी असावी. मी उएनोचा, गुरू कुराता हेइहाची, नाव गेन्जिरो, याच पेटीवर वीस वर्षं रडून पोट भरणारा. आपल्या हुंदक्याला माझा नमस्कार."

तो माणूस बघतच राहिला. मग म्हणाला, "साहेब, आमचा कारखाना खरंच जळला. सेल्युलॉइड होतं. पंधरा मिनिटांत सगळं गेलं."

बाबा वाकलेलेच राहिले. हात पुढे.

त्याचं नाव निशिवाकी. तो आणि आणखी तीन कामगार आठवडाभर आळीपाळीनं तिथे बसत होते. पेनं चांगली होती, मी लिहून पाहिलं. एकही गेलं नव्हतं. त्याला सगळं कळलं. बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं ना, नाव-गावासकट. मला वाटलं आता मारेल. त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "तुमच्याकडून घेतात ना लोक? मला शिकवाल?"

आणि बाबांनी शिकवलं. तासभर, देवळाच्या मागे. मान किती खाली, नाक कधी पुसायचं, आधी लहान मुलाकडे बघायचं. पुढच्या गावात आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. काकांनी हॅट घातली, मी गणवेश घातला. दोन पेट्या संध्याकाळच्या आत संपल्या. एक पैसा बाबांनी घेतला नाही. नूडल्स ढवळताना ते गात होते. "बघितलंस चिसे? आपल्या कलेवर चार घरं जेवली."

मी म्हटलं, "बाबा, आपल्यामुळेच ती उपाशी होती."

ढवळणारा हात थांबला. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. आज तिसरा दिवस. मी त्यांच्या पाठीत सुरी खुपसली असं मला वाटतं, आणि जे बोलले ते खरंच होतं असंही वाटतं. यांतलं कोणतं बरोबर?

चिसे


मात्सुशिमाची खाडी
११ ऑक्टोबर

कुमारी ओनोदेरा चिसे,

खाडीवर आता थंडी उतरली आहे. तिकडेही असेल. तब्येत सांभाळावी.

मी शिगेनोचा नवरा, यासाकु. तिला ताप आला आहे, काळजीचं नाही. तुझं पत्र आलं आहे, मी उघडलेलं नाही, तिच्या उशाशी ठेवलं आहे. उत्तराला उशीर झाला तर तुला वाईट वाटू नये म्हणून हे चार शब्द. मला लिहायची सवय नाही.

तुझी पत्रं आल्यापासून ती खुशीत असते. तिला स्वतःचं कुणी उरलेलं नाही. टोकियोवर बॉम्ब पडले त्या रात्री दोन्ही भाऊ गेले, आणि थोरल्याची पाच वर्षांची मुलगी. आमच्या देवघरात त्या तिघांच्या नावांच्या लाकडी पाट्या आहेत. सकाळी पहिला भात मी त्यांना ठेवतो. नऊ वर्षांत चुकलेलं नाही.

त्या मुलीचं नावही चिसेच होतं. तू तिच्याच वयाची असशील. म्हणून शिगेनोला तुझा लळा लागला असावा. जमल्यास एकदा येऊन जा. मलाही बरं वाटेल.

ओयामा यासाकु


योनेझावा
१७ ऑक्टोबर

आत्या,

मी मेले आहे असं कळलं. पाचव्या वर्षी. बाबा आणि काकाही. यासाकु मामा आम्हाला रोज सकाळी भात वाढतात.

पत्र वाचून आधी मी हसले. इतकं सुंदर काम कुरातांशिवाय कुणाला जमणार! बाबा पेनांना काजळी फासतात, तू आम्हा तिघांनाच फासलीस. मग मला रडू आलं, आणि कुणी बघत नसताना रडायची मला सवय नसल्यामुळे ते लवकर थांबेना.

तू मला लिहिलंस, झोपताना डोक्यात काही लपवलेलं नाही. लोकांची दया उचलतो आपण, असंही लिहिलंस. तुझ्या घरात एक माणूस नऊ वर्षं पाटीपुढे हात जोडतोय आणि त्याच्या नमस्काराच्या जागी काय ठेवलं आहेस तू?

तरीही तुझं म्हणणं खोटं ठरत नाही. तेच तर अवघड आहे. मला या धंद्यात राहायचं नाही. निशिवाकीचा चेहरा पाहिल्यावर मी त्या गणवेशात परत उभी राहू शकत नाही. पण ओनोदेरा होऊन मी तुझ्याकडे येणार नाही. इथे मी पुलाजवळ कुणाची तरी खोटी बहीण असते, तिथे कुणाची तरी खोटी मुलगी होईन. मग जागा बदलून काय बदललं? मला यायचंय ते गेन्जिरोची मुलगी म्हणून. ते काय करतात हे सांगून. तुला चालत असेल तर कळव.

बाबा आता बोलतात. काल म्हणाले, "चार दिवसांत तू एकदाही नीट रडली नाहीस. धंद्याचा खोळंबा होतोय." मी म्हटलं, मला जायचंय. ते म्हणाले, "शिगेनोसारखं?" मी म्हटलं, "नाही. सांगून."

कुराता चिसे


मात्सुशिमाची खाडी
४ नोव्हेंबर

चिसे,

अठरा दिवस घेतले. चाळीस बायकांपुढे बोलणारी मी, एका माणसापुढे तोंड उघडायला दोन आठवडे!

तुझ्या पत्रातलं खोडून काढायला मी खूप शोधलं. लग्न ठरताना वाटलं होतं, भाऊ ठग आहेत म्हटलं तर हा निघून जाईल. मेले म्हटलं तर आणखी जवळ येईल. तसंच झालं. कुराता घराण्याचा हिशेब कधी चुकत नाही. तो माझा शेवटचा धंदा होता, आणि सगळ्यांत मोठा.

परवा आम्ही होडीवर होतो. दोरांवरची कालवं ओढताना मी सांगून टाकलं. सगळं. पेनं, पूल, गणवेश, तुम्ही तिघं. तो दोर ओढत राहिला. आठ दोर झाल्यावर म्हणाला, "म्हणजे नऊ वर्षं मी जिवंत माणसांना भात वाढला."

"हो."

"बरं झालं. उपाशी तरी राहिले नाहीत."

मला हसू फुटलं आणि तो हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "लग्नाच्या दिवशी तू रडली होतीस. ते?"

"ते खरं होतं."

"मी कसं ओळखायचं?"

चिसे, व्यापाऱ्यांना, सरकारी माणसांना, कुणालाही मी गप्प केलं आहे. या प्रश्नाला मी गप्प झाले. याचं उत्तर बोलून देता येत नाही. पुढच्या कितीतरी वर्षांत थोडं थोडं द्यावं लागेल, आणि ते देणं माझ्यावर आहे. ते मला जड वाटत नाही. खरंच सांगते, नऊ वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दोन दिवस तो दहाचे पाच शब्द बोलला. आज सकाळी भात शिजल्यावर देवघरापुढे घुटमळला. मग पाट्या काढल्या. तुझी फोडून चुलीत घातली. भावांच्या दोन कापडात गुंडाळून खणात ठेवल्या. म्हणाला, "केव्हातरी लागतीलच. पोरीला बोलाव. तिच्या नावानं."

आता येशील?

आत्या


यामागाता
१९ नोव्हेंबर

शिगेनो,

मेलेल्या भावाचं हे पत्र. स्वर्गात थंडी फार आहे आणि तोमेकिची इथेही घोरतो.

पोरीनं तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली. न मागता. आपल्या घरात असं कुणी केलं नव्हतं. तू मला मारलंस याचा राग आला होता, पण बॉम्बनं मारलंस, मोठं मरण दिलंस, तेवढी लाज राखलीस.

तू गेलीस त्या सकाळी मी जागा होतो. तुझी पावलं ऐकली. हाक मारली असती तर तू थांबली असतीस, म्हणून मारली नाही. हे तोमेला माहीत नाही.

मी धंदा सोडीन असं समजू नकोस. मला दुसरं काही येत नाही आणि या वयात कालवं फोडायला माझी बोटं तयार नाहीत. पण गळक्या पेनांची पेटी मी सुगिहाराच्या निशिवाकीला नीट करायला देऊन टाकली. त्याच्याकडून आगीतून वाचलेला चांगला माल येतो, तो मी उभा राहून विकतो. न रडता. फार कमी खपतो. तोमे रोज शिव्या घालतो.

चिसेला स्टेशनवर सोडलं. रडायला आलंच नाही. नेमकं तेव्हा. आयुष्यभराची लाज. तिला सांग, म्हातारा कोरडा पडलाय म्हणून नव्हे.

यासाकुरावांना भाताबद्दल आभार.

गेन्जिरो


मात्सुशिमाची खाडी
९ डिसेंबर

बाबा,

खाडीवर बारीक बर्फ पडतोय, होड्या पांढऱ्या झाल्यात. बघा, मी ऋतूनं सुरुवात केली. यासाकु मामांनी शिकवलं.

मी मजेत आहे. बोटांना चार ठिकाणी कापलंय. आत्या घरी माझ्याशी भांडते आणि मंडळात माझी बाजू घेते. मामा मला भात वाढताना अजून थोडे दचकतात.

पहिल्या दिवसाचं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. शेडमध्ये वीस-बावीस बायका बाकांवर बसतात, मध्ये कालवांचा ढीग. नवीन आलेल्या माणसाला सगळ्यांपुढे उभं राहून कोण कुठली सांगावं लागतं. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. तिचे कान मात्र लाल झाले होते. माझ्या गप्प राहण्यानं ती सुटली असती, हे मला दिसत होतं. पण तीच आदल्या रात्री म्हणाली होती, "काय सांगायचं ते तू ठरव. मी आड येणार नाही."

मी म्हटलं, "मी कुराता चिसे. शिगेनोची सख्खी भाची. तिचे भाऊ मेलेले नाहीत. माझे बाबा रस्त्यावर खोटं रडून गळकी पेनं विकायचे. सहा वर्षं मीही त्यांच्याबरोबर होते. यापुढे करणार नाही."

बाबा, सगळ्या सुऱ्या थांबल्या. एकीनं आत्याकडे बघितलं, दुसरीनं नजर वळवली. मागच्या बाकावरची एक बाई उठून बाहेर गेली, ती अजून माझ्याशी बोलत नाही. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "खरं आहे. मीही तेच करायचे." तुम्हाला माहीत आहे ती कशी बोलते. त्या दिवशी एवढंच बोलली आणि खाली बसली.

मग सगळ्यांत म्हाताऱ्या तोराए आजींनी विचारलं, "पोरी, तुझा बाप रडतो कसा? बरा रडतो का?"

लाज वाटते असं काहीतरी बोलावं, म्हणजे बायका मऊ पडतील, हे मला कळत होतं. मान किती खाली घालायची हेही माहीत होतं. मी मान वर ठेवली.

म्हटलं, "आजी, सगळ्या जपानात त्यांच्यासारखं कुणी रडत नाही."

आजी खो खो हसल्या, शेजारणीला कोपर मारलं आणि बाकावर सरकून मला जागा दिली. "बस मग. हात ओला कर, सुरी अशी धर."

चिसे